बर्फात अडकलेली आयाका

१२ मार्च, गुरुवार
फ्रीजरच्या भिंतींवर बोटभर बर्फ. माराकाइबोच्या दमट हवेत असं होणारच, म्हणतात लोक. आळशी लोक. आयुष्यभर मुलींना पदार्थविज्ञान शिकवलं. ओली हवा आत शिरली की बर्फ धरतो, एवढं मला कळतं. दोष दाराच्या रबराचा. रबर साबणाने पुसलं. दारात कागदाची पट्टी धरून ओढली. घट्ट बसते. तरी दोष रबराचाच. रविवारी डीफ्रॉस्ट. टॉवेल काढून ठेवले.

१५ मार्च, रविवार
केला नाही. सामान ठेवायला जागा नाही. सामान म्हणजे केळीच्या पानात उकडलेली एक आयाका, नाताळातली शेवटची. मक्याचं पीठ मी थापते, शेजारची सुलाई सारण भरते, आणि दुसरं काही धड जमत नाही म्हणून नवऱ्याला, एरिबेर्तोला, केळीच्या पानावर दोरा बांधायला बसवायचे. माझ्या आयाका बिनबेदाण्याच्या, त्यांना दोन गाठी; बाकीच्या बेदाण्यांच्या, त्यांना एक. हिला दोन आहेत. जानेवारीत तो वारला. त्याचा इथे संबंध नाही.

१९ मार्च
सुलाई मासे ठेवायला जागा मागत आली. आत डोकावून म्हणाली, बाई, बर्फ बघायला लोक मेरिदाच्या डोंगरावर का जातात, तुमच्याकडेच यावं की! मग म्हणाली, ती एक खाऊन टाका ना. मी सांगितलं, मासे ठेवले की दार सारखं उघडणार आणि बर्फ वाढणार. माझा नियम, दार दिवसातून एकदाच. त्यावर म्हणते, आणि दिवसभर भिंतीपलीकडे खट् खट् वाजतं ते काय, भूत? मी तपासणीसाठी उघडते. ते वेगळं. उद्यापासून तपासणी कमी.

२४ मार्च
चिलीहून मारिएलिसचा फोन. विचारत होती, आई, बाबांची ती आयाका अजून आहे का गं? मी बर्फाबद्दल सांगितलं. बराच वेळ सांगितलं. ती म्हणाली, आई, मी आयाकाचं विचारलं. लाइन खराब असावी.

३१ मार्च
डीफ्रॉस्टला सुरुवात. स्विच बंद, आत उकळत्या पाण्याचं पातेलं. सुरीने खरवडायचं नाही, नळीला भोक पडतं. उत्तम प्रगती. आयाकाभोवतीचा बर्फ सुटून दोऱ्याचं टोक मोकळं झालं, तेव्हा पातेलं काढून घेतलं. व्होल्टेज कमी वाटलं. बंद फ्रीजरला त्याचं काय, हे सुलाईने विचारलं नसतं तरी चाललं असतं. उरलेलं ईस्टरनंतर.

९ एप्रिल
कालपासून वीज नाही. बर्फ आपोआप वितळला. टॉवेल कपाटातच राहिले, पाणी दारापर्यंत गेलं. आयाका पाण्यात बसलेली. सुलाई फरशी पुसता पुसता म्हणाली, बाई, आता हट्ट पुरे, आज नाही खाल्लीत तर उद्या फेकाल. गॅसवर उकळली. दोरा कापला नाही. दोन्ही गाठी नखाने सोडवल्या.
आत बेदाणे. गाठी मारताना यंदाही चुकला. दरवर्षी मी बेदाणे वेचून त्याच्या ताटात टाकायचे आणि चार शब्द सुनवायचे.
सगळे खाल्ले.

१४ एप्रिल
वीज आहे. फ्रीजर स्वच्छ. सुलाईला मासे ठेवायला सांगितलं. ती म्हणाली, राहू द्या बाई, खाऊन झाले.
भिंतींवर बर्फाचा कणही नाही. दार उघडतच नाही मी.
रबर चांगलं होतं.