इथे एकदाच विचारतात

बाबा, मी तुमच्यावर रागावले आहे. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली तरी हा राग ताजा आहे, कारण तो गेल्या हिवाळ्यातला आहे. तुम्हाला काहीच ठाऊक नाही, म्हणून आधी सांगते. मी आयर्लंडमध्ये असते, दुधाची पावडर बनवणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. माझं लग्न झालं आणि मोडलंही. एक मुलगी आहे, दुसरीत जाते, गोव्यात डिचोलीला आपल्याच घरात आईजवळ वाढते आहे. तिला इथे आणायचं, एवढ्या एका गोष्टीसाठी मी या थंडीत दिवस काढते. आणि ती गोष्ट अगदी हातातोंडाशी आलेली असताना तुमच्या शिकवणीने घालवली.

साखळी गावात तुमच्या साहेबांच्या घरी गणपतीच्या चवथीला गेलो होतो, तो दिवस मी विसरलेले नाही. साहेबांच्या बाईंनी फराळाचं ताट पुढे केलं आणि मी नेवरी, म्हणजे करंजी उचलली. उचलली आणि खाल्ली, बस्स, लहान पोर दुसरं काय करणार? तुम्ही नुसते माझ्याकडे बघत राहिलात. परतताना मी स्कूटरवर पुढे उभी आहे, वारा तोंडावर येतो आहे आणि तुमचा आवाज माझ्या डोक्यावरून येतो आहे, "पयल्याच शब्दाक हात फुडें करतात? लोक म्हणतले, ह्यांच्या घरांत कायच मेळना." त्या दिवसापासून घरात कायदा झाला. पहिल्यांदा विचारलं की नाका म्हणायचं, नको. दुसऱ्यांदाही नाकाच, पण जरा हसून. तिसऱ्यांदा आग्रह झाला तर घ्यायचं, तेही अर्धं. आणि खरं सांगायचं तर तो कायदा आपल्याकडे चालायचाही. शाळेत बाईंनी स्नेहसंमेलनात निवेदन करशील का म्हणून विचारलं, मी "नको बाई" म्हणाले, बाईंनी पुन्हा विचारलं, पुन्हा विचारलं, आणि मी स्टेजवर उभी राहिले. विचारणाऱ्यालाही रीत माहीत होती ना!

इथे नोकरी शोधताना मी पुष्कळ काही शिकले. ज्या घरात मी खोली घेतली तिथे केरळची एक नर्स राहते. तिने मला आरशापुढे उभं करून तयार केलं. समोरच्याच्या डोळ्यांत बघ, हात मिळवताना मेलेल्या मासळीसारखा ढिला सोडू नकोस, कामाबद्दल विचारलं की "थोडंफार येतं" असं मुळीच म्हणू नकोस. डिचोलीच्या औषधाच्या कारखान्यात मी इतकी वर्षं तपासणी केली, पण "हे मला येतं" हे तीन शब्द तोंडातून निघायला मला आठवडा लागला. निघाले, नोकरी मिळाली. मला वाटलं, सुटले एकदाची.

मग गेल्या हिवाळ्यात प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी मला आत बोलावलं. बाई चांगल्या आहेत, कधी आवाज चढवत नाहीत. म्हणाल्या, "शिफ्ट इनचार्जची जागा रिकामी होते आहे. मला तुझं नाव सुचलं. तुला आवडेल?" बाबा, त्या जागेवर बसलं की मुलीला बोलवायची परवानगी मागता येते. मी दोन वर्षं याच एका प्रश्नाची वाट बघत होते. आणि माझ्या तोंडून काय निघालं? "छे, मी कुठली! माझ्याहून जुनी माणसं आहेत. मी आहे तिथे बरी आहे." असं म्हणून मी हसले आणि थांबले. दुसऱ्यांदा विचारतील म्हणून थांबले हो! बाई म्हणाल्या, "मोकळेपणाने सांगितलंस, बरं झालं." आणि त्यांनी मला दारापर्यंत सोडलं. पुढच्या सोमवारी माझ्यानंतर नोकरीला लागलेला एक तरुण त्या खुर्चीवर बसला होता. बाईंनी त्याला विचारलं तेव्हा म्हणे प्रश्न पुरा व्हायच्या आधीच तो हो म्हणाला.

मी संडासात जाऊन रडले. मग आईला फोन लावला आणि तुमच्या नावाने बोटं मोडली. माझं सगळं बोलून झाल्यावर आई म्हणाली, "तुज्या बाबांकय विचारिल्लें गो, फोरमन जातले काय म्हूण. नाका, दुसऱ्याक दियात, म्हणून घरा आयले. दुसऱ्या दिसा परत विचारतले म्हूण इस्त्रीचो शर्ट घालून गेले. कोणेंच विचारलें ना."

म्हणजे तुम्हाला माहीत होतं! खाणीवरच्या गॅरेजात तुम्ही जन्मभर फिटर राहिलात, हात काळे करत राहिलात, आणि आम्हाला सांगत आलात की आपल्याला तसली हौसच नाही. हौस नव्हती तर इस्त्रीचा शर्ट कशाला घातला होता? डिचोलीतसुद्धा हा कायदा फक्त जेवणाच्या ताटापुरता चालतो, पोटापाण्याच्या जागी चालत नाही, हे तुम्ही स्वतः भोगलंत. तरी मला तेच शिकवलंत. चारचौघांत चांगलं दिसावं म्हणून. एकदा, फक्त एकदा मला जवळ घेऊन म्हणाला असतात, "बाय, हांव चुकलों, तूं घे," तर तुमचं काय गेलं असतं? मला याचा इतका संताप येतो की तुमचा फोटो मी इथे भिंतीवर लावलेला नाही. पेटीत आहे, कपड्यांखाली.

मी मग एक गोष्ट केली, जी तुम्ही जन्मात केली नसतीत. कोणी बोलावलेलं नसताना बाईंच्या दारावर टकटक केली आणि उभ्या उभ्या म्हटलं, "त्या दिवशी मी नको म्हणाले, पण मला ती जागा हवी होती. अजूनही हवी आहे. आमच्याकडे पहिल्यांदा नको म्हणतात." बाई म्हणाल्या, "अगं, मग मला कसं कळणार?" आपल्याकडे कोणाला ते विचारावंच लागत नाही. शरमेने माझे कान तापले होते, पण मी खोलीतून हलले नाही. नदीपलीकडच्या दुसऱ्या कारखान्यात उन्हाळ्यात तशीच जागा निघाली. बाईंनी माझं नाव पाठवलं. तिथल्या साहेबाने विचारलं, तुला ही जागा हवी आहे का, आणि मी हो म्हणाले. एका शब्दात. मला ती जागा मिळाली, बाबा.

काल सगळे कागद आले, मुलीचेही. मी लगेच फोन लावला. पडद्यावर ती आपल्या व्हरांड्यात बसलेली, मागे आई भाजी निवडते आहे. म्हटलं, "येतेस ना माझ्याकडे? आता कायमची." तिने एकदा आजीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि जरा हसून म्हणाली, "नाका गो मम्मी, हांव आजीकडेच रावतां."

आईने तिला तुमचाच कायदा शिकवला आहे, हे मला ठाऊक आहे. पाहुण्यांकडे ती कशी नाका म्हणते, ते आई मला कौतुकाने सांगत असते. पण ही पोर तीन वर्षं माझ्यावाचून राहिली आहे, बाबा. हा नाका रीतीचा की खरा, ते मला तिच्या तोंडाकडे बघून ओळखता आलं नाही. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, परत विचार. मी नाही विचारलं. शाळेचं काहीतरी बोलले आणि फोन ठेवला. मला भीती वाटली, की दुसऱ्यांदाही ती नाकाच म्हणेल.