पाणकणसांआडून नेम

२ सप्टेंबर २०१७, शनिवार

धनुष्य आलं. कंपाउंड बो. मॅन्युअल न वाचता सेट केलं. नंतर तपासण्यासाठी मॅन्युअल वाचलं, त्यात दोन चुका सापडल्या. मॅन्युअलमध्ये.

या घराच्या भिंतींचं ड्रायवॉल बसवणं माझं मी शिकलो, टॅक्स माझा मी भरतो, तसंच हेही. सरकारी हंटर कोर्स करावा लागला, कारण त्याशिवाय लायसन्स देत नाहीत. तिथल्या इन्स्ट्रक्टरला दोनदा दुरुस्त केलं. त्यानंतर त्याने माझ्याकडे बघणंच बंद केलं, म्हणजे पटलं असावं. मेहुणा वॉरेन मात्र क्लबात जाऊन नेम शिकतोय. ज्याला लागतो त्याला शिक्षक लागतो.

बायकोने, ग्लेन्डाने, अट घातली. तिचे वडील वसईला नाताळचं डुक्कर कापायचे ते एका घावात. सुरीला धार वाटली नाही तर कापायचंच नाही, शेजाऱ्याकडून आणायचं. तर बाईसाहेब म्हणाल्या, जनावराला अर्धवट मारून सोडून आलास, तर हे धनुष्य या घरात राहणार नाही, सरळ सांगते, लिओनेल. मी हसलो आणि शब्द दिला. फॅक्टरीत माझ्या सहीशिवाय एक ब्रेक-पार्ट बाहेर जात नाही. मला हिने शब्द मागावा!

नियम ठरवले. हरीण पूर्ण आडवं, म्हणजे कूस माझ्याकडे करून, उभं हवं. वीस मीटरच्या आत हवं. आणि मध्ये एकही काडी नको. दलदलीतल्या शिकारीत हा शेवटचा सर्वांत महत्त्वाचा. बाण हलका असतो, एका काडीला घासला तरी वाट सोडतो. लॅमिनेट करून घेणार.

१६ सप्टेंबर, शनिवार

बेसमेंटमध्ये प्रॅक्टिस. फर्नेसपासून लॉन्ड्रीपर्यंत. तिन्ही बाण एका बशीत मावतील एवढे जवळ. एक बाण ड्रायरला लागला, पण तेव्हा मला शिंक येत होती, त्यामुळे तो धरला नाही.

वॉरेन म्हणाला, भाऊजी, एकदा बाहेर, वाऱ्यात, स्टुलावर बसून मारून बघा. त्याला सांगितलं, बेसिक्स पक्के असले की वारा आपोआप जमतो. तो म्हणाला, ड्रायरचं काय झालं? मी विषय बदलला.

३० सप्टेंबर, शनिवार

जागा पक्की. डर्क नावाचा म्हातारा कांद्याची शेती करतो, त्याच्या शेतामागे दलदल आहे. त्याने परवानगी दिली. माणसापेक्षा उंच पाणकणसं, दाट. आत लाकडी पॅलेट टाकून त्यावर स्टूल ठेवलं. वॉरेनची जागा पलीकडच्या काठाला, विलोच्या झाडाखाली.

वॉरेनचं म्हणणं, स्टुलासमोर दोन-तीन ठिकाणी पाणकणसं कापून मोकळ्या फटी करू या, म्हणजे बाणाला वाट मिळेल. त्याने स्वतःच्या समोर कापलीसुद्धा. मी नाही कापली. हरणाला संशय येतो. असं कुठे वाचलेलं नाही, पण मी हरीण असतो तर मला आला असता.

७ ऑक्टोबर, शनिवार

पहिलं हरीण! मादी, आडवी, अंतर योग्य. पण मध्ये पाणकणसांचा पडदा. धनुष्य ताणलंच नाही. उत्कृष्ट निर्णय.

८ ऑक्टोबर, रविवार

चर्चमध्ये मिसानंतर पॅरिश हॉलमध्ये कॉफी पिताना कालचा प्रसंग सांगितला. फादर थांबून ऐकत होते. म्हणाले, हातात आलेलं सोडणं सगळ्यांना जमत नाही. आपल्या वसईकर मंडळाची सेक्रेटरी पॉलिन तर म्हणाली, अंकल, हे तुम्ही सगळ्यांना सांगितलं पाहिजे. ग्लेन्डाने सगळ्यांसमोर माझ्या कोटाची कॉलर सरळ केली. लग्नानंतर एवढ्या वर्षांत तिने हे असं कधी केल्याचं आठवत नाही.

२१ ऑक्टोबर, शनिवार

आणखी दोन सोडली. एकाच्या पुढे काड्या. दुसरं तिरकं उभं. वॉरेन पलीकडून हातवारे करत होता. तत्त्व समजायला वेळ लागतो.

पॉलिनचा फोन. नाताळापूर्वीच्या ॲडव्हेंटच्या जेवणाआधी मंडळात पंधरा मिनिटं बोला म्हणाली. विषय: शिकार आणि सदसद्विवेक. मी पंचवीस मिनिटं मागितली.

केझियाला सांगितलं तर कार्टी फोनमधून मान वर न करता म्हणते, डॅड, यू आर बेसिकली अ बर्डवॉचर.

२८ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी साडेसात. नर. पाण्याच्या मोकळ्या तोंडाशी, पूर्ण आडवा. अंतर बेसमेंटपेक्षा जेमतेम चार पावलं जास्त. मध्ये काही नाही.

धनुष्य ताणलं. बाण नाही सोडला.

उजेड जरा पिवळा होता.

नऊ वाजता. टिम हॉर्टन्समध्ये कॉफी पिताना वॉरेनने विचारलं, काय झालं, भाऊजी? म्हटलं, मध्ये काडी होती. तो म्हणाला, कुठे होती? मी पण बघत होतो. म्हटलं, तुझ्या बाजूने दिसली नसेल. मग म्हणाला, तुमचे हात का हलत होते? थंडी होती. तो म्हणाला, हो, थंडी होती, आणि माझा डोनट खाल्ला.

ता. क. हात हलत होते, हे खरं आहे. पण ते धनुष्याच्या वजनाने. वजन बॉक्सवर लिहिलंय त्यापेक्षा जास्त असणार. तपासणार.

२९ ऑक्टोबर, रविवार

वॉरेन जेवायला. ग्लेन्डासमोर म्हणाला, ताई, तुझा नवरा हरणांचा पेट्रन सेंट आहे, हरणं याच्या पुढ्यात येऊन क्रॉसची खूण करतात. केझिया पाणी पिता पिता ठसकली. ग्लेन्डा म्हणाली, हसू नका रे, घाबरला तर घाबरला, उगाच मारण्यापेक्षा बरं.

घाबरला! हा शब्द तिने वापरला. प्रेमाने वापरला, म्हणून जास्त लागला.

११ नोव्हेंबर, शनिवार

कंबर आखडली होती म्हणून गेलो नाही. घरी बसून विचार केला.

‘एकही काडी नको’ हा नियम मुळात सदोष आहे. फॅक्टरीतसुद्धा आम्ही शून्य टॉलरन्स ठेवत नाही. ठेवला तर एकही पार्ट पास होणार नाही. काडी म्हणजे काय, हे आधी ठरवलं पाहिजे. हिरवी काडी लवचीक असते, ती बाण वळवते. नोव्हेंबरातली काडी वाळलेली, कागदासारखी, ती तुटते. म्हणजे ती धरायची नाही.

सुधारित नियम: हिरवी काडी नको. वाळलेल्या एक-दोन चालतील. शक्यतो एक.

लॅमिनेशन अजून केलं नव्हतं ते बरंच झालं.

१८ नोव्हेंबर, शनिवार. दुपार

मारला.

मादी. जरा तिरकी. मध्ये वाळलेल्या काड्या, किती ते मोजायला वेळ नव्हता. वॉरेन पलीकडून बघतोय, हे माहीत होतं. त्याच्यामुळे मारला असं नाही.

बाण सुटताना काडीला टक्क आवाज. मग दुसरा आवाज, मऊ. मग ती उडी मारून आत. पाणकणसं बराच वेळ हलत होती.

पूर्ण चुकला, असं माझं मत आहे.

वॉरेन चिखल तुडवत आला. म्हणाला, लागलाय. म्हटलं, नाही लागला. बाण कुठाय? चिखलात. त्याने एक काडी पुढे केली, तिच्यावर लाल ठिपके. म्हटलं, या दिवसांत पाणकणसांना तांबेरा पडतो. त्याने बोट लावलं आणि ते बोट माझ्यापुढे धरलं. मी घड्याळ बघितलं.

तो म्हणाला, जरा थांबू, तिला बसू दे, मग माग काढू. हे मीच त्याला शिकवलं होतं. जखमी जनावराच्या मागे लगेच धावायचं नाही, पण जायचं, जायचंच. म्हटलं, लागलाच नाही तर माग कसला? शिवाय वारा सुटलाय, पाणी खोल आहे, माझ्या बुटात पाणी गेलंय. बुटात खरंच पाणी गेलं होतं.

तो थोडा वेळ एकटाच आत शिरला. मी गाडीत हीटर लावून बसलो.

संध्याकाळी. ग्लेन्डाने दारातच विचारलं. म्हटलं, मारला पण पूर्ण चुकला, क्लीन मिस. तिने छातीवर हात ठेवला. म्हणाली, चुकला ना, बरं झालं, थँक गॉड. मग मला गरम पेज दिली, वर लोणचं, आणि ओले मोजे स्वतः काढले.

पेज फार गरम होती. त्यामुळे डोळ्यांत पाणी आलं.

१९ नोव्हेंबर, रविवार

कंबर. मिसाला गेलो नाही.

मिसानंतर वॉरेन आला. तो आणि ग्लेन्डा किचनमध्ये हळू बोलत होते. मग ती वर येऊन म्हणाली, वॉरेनबरोबर जरा ग्रोसरीला जाते. तिने माझे रबरी बूट घातले होते. आजकाल पार्किंग लॉटमध्ये चिखल असतोच.

संध्याकाळी परत आली. ग्रोसरी आणली नाही. बुटांना गुडघ्यापर्यंत चिखल, कोटाला पाणकणसांचा कापूस. सिंककडे बराच वेळ हात धुतले. विचारलं, काय मिळालं? म्हणाली, मिळालं.

पार्किंग लॉटमध्ये पाणकणसं नसतात, हे मला माहीत आहे.

२० नोव्हेंबर, सोमवार

वॉरेनचा मेसेज. काल त्याला हरीण मिळालं. मादी. स्वतःच्या बाणाने, स्वतःच्या परवान्याच्या टॅगवर. बाकी काही लिहिलं नाही, फोटो पाठवला नाही.

त्याला अंगठा पाठवला. वॉरेनचं पहिलं हरीण. मी शिकवलेला मुलगा.

गराजमध्ये टांगलंय, बघायला या म्हणाला. कंबर.

२५ नोव्हेंबर, शनिवार

वॉरेनने मांस आणून दिलं. मंडळाच्या जेवणाला करायचं म्हणून ग्लेन्डा टेबलावर साफ करत बसली. मी शेजारी चहा पीत भाषण वाचून दाखवत होतो. ‘शिकाऱ्याची पहिली जबाबदारी’ या परिच्छेदापर्यंत आलो, तेवढ्यात तिने मांडीच्या तुकड्यातून काहीतरी काढलं, नळाखाली धुतलं आणि माझ्या बशीत ठेवलं. बाणाच्या टोकाचं तुटलेलं पातं.

म्हटलं, वॉरेनपण याच कंपनीचे बाण वापरतो. ती म्हणाली, वॉरेनचा बाण छातीत होता. एकच. मग म्हणाली, वाच पुढे.

वाचलं. शेवटपर्यंत वाचलं. आवाज चांगला लागला नाही.

धनुष्याबद्दल ती काही बोलली नाही. याचा अर्थ तिला फारसं काही वाटलेलं नाही. वाटलं असतं तर बोलली असती, ती गप्प बसणारी नाही.

२९ नोव्हेंबर, बुधवार

नेमाची प्रॅक्टिस रोज चालू आहे. सातत्य महत्त्वाचं.

३ डिसेंबर, रविवार

पॅरिश हॉल. पॉलिनने ओळख करून देताना म्हटलं, लिओनेल अंकलनी या सीझनमध्ये किती हरणं सोडून दिली, याची मोजदाद नाही. टाळ्या. मी बोललो. पहिली दहा मिनिटं चांगली गेली. मग लिहिलेलं संपलं, कारण मी दोन पानं सकाळी काढून टाकली होती.

प्रश्न विचारा, असं पॉलिन म्हणाली. मागून एका बाईने विचारलं, अंकल, कधी जखमी जनावर तसंच सुटलंय का हो तुमच्या हातून? किचनच्या खिडकीत ग्लेन्डा पळी घेऊन उभी होती. वॉरेन खुर्च्या मांडत होता, तो थांबला.

मी म्हटलं, नाही.

सुटलं नव्हतंच, सापडलं होतं, असा मी लगेच मनात खुलासा केला. तो मनातसुद्धा नीट झाला नाही.

जेवणाची रांग. माझी पाळी आली तेव्हा ग्लेन्डाने, सगळ्यांना विचारत होती तसंच, मलाही विचारलं, वॉरेनच्या हरणाचं आहे, वाढू? म्हटलं, नको, डॉक्टरने रेड मीट कमी करायला सांगितलंय. मागून पॉलिन मोठ्याने म्हणाली, बघा, हा माणूस मारत नाही आणि खातही नाही! परत टाळ्या. ग्लेन्डाने माझ्या ताटात भात वाढला आणि पुढच्याला या म्हणाली.

कोरडा भात खाल्ला. सगळा खाल्ला.

परत येताना ती गाडी चालवत होती. केझिया वॉरेनच्या गाडीत. हायवेच्या आधीच्या सिग्नलला म्हटलं, तो बाण माझा होता.

ती म्हणाली, हो.

म्हटलं, जिवंत होती का?

 सिग्नल हिरवा झाला, मागच्याने हॉर्न दिला. मग म्हणाली, पाण्यात बसली होती. मान वर होती. आम्ही गेलो तर आमच्याकडे बघत होती. वॉरेनने मला मागे वळायला सांगितलं, मी नाही वळले. कुणीतरी बघायला पाहिजे होतं.

म्हटलं, मी यायला पाहिजे होतं.

तिने गाडी हायवेला घेतली. मीच म्हटलं, शब्द दिला होता. धनुष्य उद्याच्या उद्या वॉरेनकडे नेऊन ठेवतो.

ती म्हणाली, ते मागच्या रविवारीच नेलंय त्याने. समोरच्या दारातून नेलं. तू वर भाषण लिहीत होतास. मला वाटलं, खाली बेसमेंटमध्ये प्रॅक्टिसला गेलास की विचारशील.

मग म्हणाली, सीटबेल्ट लाव.