रेणूने मांडलेला पूर्वपक्ष

अलास्का, ऑगस्ट २००६

प्रिय कुमुद,

माझी प्रकृती उत्तम आहे. तू गुडघा शेकतेस ना?

आज जहाजावरून हिमनदी पाहिली. आपली रेणू प्रवाशांना ती दरवर्षी कशी मागे हटते आहे ते सांगत होती, हातमोजे न घालता; तू तिला रागव. एक गृहस्थ मध्येच म्हणाले, "बर्फ तर नेहमीच कोसळतो!" रेणूने आधी त्यांचाच पूर्वपक्ष त्यांच्याहून नेटका मांडला, मग आकड्यांनी खोडला. पहिली टाळी त्या गृहस्थांनीच वाजवली.

ही शिस्त मी तिला जेवणाच्या पानावर लावली. या कामासाठी तिने संगणकाची नोकरी सोडली तेव्हा मात्र तिची बाजू मी ऐकूनही घेतली नाही. ऐकलीस ती तू.

तिला म्हणालो, "मी हरलो."

"बाबा, हे आईला लिहा."

म्हणून लिहिले.

तुझा,
मोरेश्वर