धाकटीच्या डब्यावर कुंकू

सोम. ६ ऑक्टो.
थोरलीनं आज पुन्हा तोंडाला पानं पुसली. ग्राफिक्स कार्डं येणार होती, नाही आली. एजन्सीवाला फोनवर म्हणे, "मैडम, कंपनी का माल अभी एआई वालों को जा रहा है. छोटे शहर का नंबर बाद में." बाद में म्हंजे कधी? लग्नं आटोपल्यावर? देवउठनी एकादशी डोक्यावर आली, तिच्यानंतर लग्नंच लग्नं. गोहलपुरचे सगळे शादी-व्हिडिओवाले मलाच विचारून राहिले. चांगलं कार्ड नसलं तर एक लग्न मशीनवर दोन-दोन दिवस शिजत बसते.
जगातली सगळ्यात श्रीमंत चिप कंपनी, अन् जबलपुरच्या गोरखपुर बाजारातल्या बाईला चार कार्डं देऊ शकत नाही. श्रीमंत जाऊ अशीच असते.

गुरु. ९ ऑक्टो.
आज मजा! धाकटीचा, म्हंजे त्या दुसऱ्या चिप कंपनीचा, माणूस दुकानात आला, स्वतःहून. तिवारीजी. थोरलीचा माणूस कधी पायरी चढला नाही, हा दोनदा चहा प्यायला. धाकटीनं नवीन कार्ड काढलं आहे, खास आपल्यासारख्या गिऱ्हाइकांसाठी. थोरलीचं लक्ष नाही ना इकडे, तेवढ्यात ती घुसून राहिली. हुशार आहे पोट्टी.
तिवारीजी: "सीज़न निकाल दीजिए भाभीजी, जबलपुर की एजेंसी आपकी."
एजन्सी. माझी. बोर्डावर नाव. झोपच नाही येणार आज.
ह्यांना सांगितलं. फॅक्टरीतून आले होते, डबा ठेवायच्या आधीच सांगितलं. म्हणाले, "सातवी पास बाई कंपनीची एजंट. त्या कंपनीला तुझं नाव तरी माहीत आहे का मंदा?"
होईल माहीत.

रवि. १२
आमची पोरगी रचना, बँकेला सुट्टी म्हणून घरी. तिच्याकडून इंग्रजी बातम्या वाचून घेतल्या. ती वाचते इंग्रजी, सांगते हिंदीत, मी ऐकते मराठीत. नव्या कार्डाची बाहेरदेशी तारीफ होऊन राहिली. धा.चा शेअर वर. थो.चा जरासा खाली. "जरा सा ही गिरा है मम्मी, नाचो मत." काहून नाचू नको? थोरलीला ठेच लागली, लहान का होईना.

मंगळ. १४
तिवारीजींनी एक कार्ड पाहायला ठेवलं. दुकानातल्या मशीनला लावलं. गेम पळाला. मग लग्नाची फिल्म टाकली, नव्या सॉफ्टवेअरवर. चहा कपात ओतेपर्यंत झाली! मी टाळी वाजवली, शेजारचा चष्मेवाला पाहायला आला.
गुड्डू भैया हजर होता. गोहलपुरात त्याची व्हिडिओ लॅब, चार मशिनी, अर्ध्या जबलपुरच्या वराती त्याच्याच हातून निघतात. तो म्हणे, "भाभी, एक बार हमारे वाले सॉफ्टवेयर पे चला के देख लें?"
म्हटलं, "चलेगा रे, चलेगा. दूल्हा देख लिया, अब बारात गिनेगा क्या?"
सगळे हसले. पेटीभर मालाला हो म्हटलं.

शनि. १८, धनतेरस
पाय दुखून राहिले पण आनंद असा! एक डबा उरला, बाकी सगळी कार्डं गेली. आमच्याकडे मशीन घ्यायची तर धनतेरसलाच घेतात. कुंकू कालवून जाणाऱ्या प्रत्येक डब्यावर मी माझ्या हातानं स्वस्तिक काढलं, वर हळदीचं बोट, अक्षता. गिऱ्हाईक डबा डोक्याला लावून घेऊन जाते. गुड्डूनं चार नेले. लक्ष्मीपूजनात ठेवणार, भाईदूजनंतर उघडणार. इथली रीतच आहे, पूजेतला माल त्याआधी कोणी उघडत नाही.
ह्यांनी आज चहा करून दिला. 

शुक्र. २४
गुड्डूचा फोन. डबे उघडले. कार्ड त्याच्या मशीनला दिसतच नाही.
दिसत नाही म्हंजे?
रिक्षा करून गोहलपुर गेले. खरंच. नवीन सॉफ्टवेअर टाकलं की कार्ड धावते. त्याच्या जुन्यावर काहीच नाही, काळा पडदा. अन् तो जुनं सोडणार नाही. वरमाळा, डोली, बिदाईवर पंख हलवणारा मोर, सगळे तयार नमुने त्या जुन्यातच. लोक घरून ठरवून येतात, "हमको शर्मा जी की बिटिया वाला मोर चाहिए." नव्यात मोर उघडत नाही.
सगळ्या लॅबवाल्यांचं हेच. एका दुपारी सगळ्यांचे फोन.
म्हणाला होता तो. चला के देख लें. मीच...

शनि. २५
तिवारीजींना फोन. दोन तास उचलला नाही, उचलला तर म्हणे, "कार्ड में तो कोई ख़राबी नहीं है. और भाभीजी, डब्बे पे ये लाल-पीला किसने किया? रंगा हुआ डब्बा कंपनी वापस नहीं लेती."
म्हटलं, लाल-पीला? ते कुंकू आहे! तुम्ही पंडित माणूस, तुम्हीच हे बोलता?
"मैं समझता हूँ भाभीजी. कंपनी नहीं समझती."
ह्यांना सांगितलं नाही. बाजारातून कळलंच असेल, जेवताना आपणच म्हणाले, "चार दिवस थांबली असती तर काय झालं असतं?" मी ताटात वरण वाढलं.
माल परत नाही, थोरलीकडे कार्डं नाहीत, लग्नं एकादशीनंतर सुरू. गुड्डूनं वराती घेऊन ठेवल्या आहेत. त्याचं हसं झालं तर माझ्या दुकानाची पायरी कोण चढणार?

रवि. २६
रडून काय होते. रचनाला घेऊन गुड्डूच्या लॅबमध्ये गेले. मोबाईलवर व्हिडिओ काढला. जुनं सॉफ्टवेअर, काळा पडदा, मग गुड्डू हात जोडून, मग मी. मी मराठीत बोलायला लागले, रचना म्हणे, "मम्मी, हिंदी में! कंपनी अमरीका में है." म्हटलं, अमेरिकेला हिंदी तरी कुठं येते? तर मराठीतच बोलले. खाली इंग्रजी तिनं लिहिलं. मोराचा नमुना पण पाठवला.
धा.च्या तक्रारीच्या पानावर टाकलं. कोण पाहणार?

बुध. २९
पाहिलं!!!
मेल आली. कंपनीची. खरीखुरी. रचनानं बँकेतून फोन केला, जेवणाची सुट्टी पण झाली नव्हती. मेरठ, पटना, कुठून कुठून हीच तक्रार, पण वापरून पाहायला नमुना कोणी दिला नव्हता. आम्ही मोर दिला. म्हणतात, ड्रायव्हर बदलून पाहतो, थोडं थांबा. ड्रायव्हर म्हंजे कार्डाचा सांगकाम्या, कार्ड अन् सॉफ्टवेअरची बोलचाल तोच करून देते.
थोरली असती तर चिठ्ठीही उघडली नसती. भूक लागलेली कंपनी लवकर ऐकते.
ह्यांच्या नाकासमोर फोन धरला. "वाचा, वर काय लिहिलं?"
चष्मा शोधला, वाचलं. "डियर मंदा."
"माहीत आहे ना नाव?"
"हूं," म्हणाले. अन् मग हसले, खूप दिवसांनी.

शनि. १ नोव्हें., एकादशी
ड्रायव्हर काल आला. आज सकाळी गुड्डूकडे. लॅबमध्ये इतकी माणसं की पंखा पुरेना, सगळे लॅबवाले, एक तर आपली मशीनच उचलून घेऊन आला. गुड्डूनं आधी अगरबत्ती लावली. म्हटलं, आता बस कर पूजा, चालव.
जुनं सॉफ्टवेअर उघडलं. कार्ड दिसलं. शर्माजीच्या पोरीची बिदाई लावली. पट्टी सरकायला लागली, सर्र. अन् मोर! मोरानं पंख हलवले!
गुड्डू ओरडला, "भाभी, उड़ गया!" कोणी पेढे आणले, कोणी कोणाला भरवले काही कळलं नाही. एक मशीन मधेच अडकली होती, बंद करून चालू केली तर चालली. चालली म्हंजे चालली.
येता येता पेंटरला निरोप दिला. बोर्डावरून थोरलीचं नाव खरवड. आजच.
हे म्हणाले, "एजन्सीचा कागद येऊ दे आधी."
नाही ऐकलं.

सोम. ३
बोर्ड खरवडला. पांढरा रंग मारला. बाजारातून दिसते, दात पडल्यासारखं.
लॅबवाले खूश. आणखी दोघं कार्ड मागून गेले. तिवारीजींना फोन केला, आवाज साखरेचा. "भाभीजी, आपका वीडियो ऊपर तक गया है!" एजन्सीचं विचारलं तर, "बस, थोड़ा रुक जाइए."
काहून रुकू?

मंगळ. ४
कळलं काहून. रचनानं बातमी वाचली. धाकटीला पण एआयवाल्यांचा मोठा सौदा मिळून राहिला. शेअर पार वर. अन् लोक बोलून राहिले की आता ती ही लहान कार्डं बनवणं बंदच करणार, सगळ्या चिप तिकडेच देणार. कंपनी सांगणार आहे काय ते, ह्याच आठवड्यात.
"अच्छी ख़बर है कि बुरी, मम्मी?"
मलाच कळेना. धाकटी जिंकून राहिली म्हणून छाती फुगते. अन् जिंकली की तीच थोरली. मग माझं नाव कोण लक्षात ठेवते.
तरी सांगते, एक दिवस ठेवलं होतं. मोर हलला, तो माझ्यासमोर हलला.

बुध. ५
सकाळी शटर उचललं तर पेंटर शिडी लावून उभा. ब्रश ओला, डबा उघडा. गुड्डू पण आलेला, आणखी एक कार्ड पाहिजे, कालची वरात मोठी होती म्हणे. अन् हे! आज फॅक्टरीला उशिरा जाणार म्हणे, उगाच रस्त्यात उभे, वर पाहत.
पेंटर: "भाभी, कौन सी कंपनी लिखूँ?"
तिघंही माझ्याकडे पाहून राहिले.
म्हटलं, "सफ़ेदी सूखने दे पहले."
अन् गुड्डूसाठी शेवटचा डबा काढला. कुंकू नाही लावलं. मशीन दुकानातच मागवली त्याची, जुन्या सॉफ्टवेअरसकट. आधी मोर पाहू.