शिवेखालचा कोळसा

बा,

झालं ते आधी क्रमानं लिहिते.

१. आपलं गाव शेजारच्या मोठ्या गावाच्या ग्रामपंचायतीतून सुटलं. आता स्वतःची ग्रामपंचायत आहे.
२. शिवेची मोजणी झाली. ओढ्याजवळचा दगड सापडेना. शेजारचे म्हणाले, दगड नाही तर तुमची विहीर आमच्या हद्दीत.
३. जागा मी दाखवली. दुसऱ्यांदा खणल्यावर खूण निघाली.
४. नव्या पंचायतीनं गावाचा इतिहास लिहायचं काम मला दिलं.

मी अमरावतीला मोजणीच्या कचेरीत नकाशे काढते. तू गेलास तेव्हा मी आठवीत होते, म्हणून हे सांगावं लागतं. पण शीव मी कचेरीत शिकले नाही. आठवतं ते असं: मी नऊ वर्षांची आहे, तू गावचा कोतवाल, हातात काठी, आणि कापूस वेचून झालेल्या रानातून आपण दोघं शिवेवरून चाललो आहोत. काळ्या मातीत दगड हळूहळू खाली जातो, म्हणून जुन्या लोकांनी प्रत्येक दगडाखाली कोळसा पुरला होता. ओढ्याजवळ हातभर खणून तो तू मला दाखवलास. "दगड कोनीबी सरकवते, बाई. कोयसा कोन सरकवन?" मग चिंचेपासून पावलं मोजायला लावलीस. मी म्हणाले, चाळीसेक. तू काठी आपटलीस. "चाळीसेक म्हंजे? शिवेवर अंदाज सांगून राहिली? जाय, पुन्हा मोज." बेचाळीस निघाली.

मोजणीच्या दिवशी दोन्ही गावं ओढ्यावर जमली होती. मी चिंचेपासून बेचाळीस पावलं टाकली, खणायला लावलं. नुसती माती. शेजारचे हसले. मग लक्षात आलं, ती बेचाळीस पावलं नऊ वर्षांच्या मुलीची होती. मी परत चिंचेखाली गेले आणि सगळ्यांसमोर इवली इवली पावलं टाकत निघाले. आपल्या पाटलाची म्हातारी ओरडली, "काहून वं, मुंग्या मोजून राहिली का?" मी मोजत राहिले, बोलले असते तर आकडा चुकला असता. बेचाळिसाव्या पावलावर खणलं. आधी दगडाचं डोकं लागलं, खाली कोळसा, काळाभोर. म्हातारी तिथेच नाचली. "कोतवालाची पोरगी हाय ते!" मीही मोठ्यानं हसले, जे मी सहसा करत नाही.

अडचण 'कोतवाल' या शब्दाची आहे. आपण धम्म घेतला त्या साली तू जातीमुळे गळ्यात पडलेली कोतवालकी सोडलीस, काठी चुलीत घातलीस, आणि आईनं त्या जाळावर सगळ्या वस्तीला चहा पाजला. तुला इतकं खुशीत मी कधी पाहिलं नव्हतं. त्याच दिवशी मला म्हणालास, "हे काम आपल्या घरात होतं हे कोनाले सांगू नोको. शिक." मी शिकले. सांगितलंही नाही. आता इतिहास लिहायचा, तर शीव कुणी राखली ते लिहावं लागेल, आणि सोडलेलं काम तुझ्या नावापुढे येईल. तसं लिहिलं नाही तर कोळशाची जागा मला स्वप्नात कळली असं होईल.

मी असं लिहिलं आहे: तुझं पूर्ण नाव, 'हे या गावाचे कोतवाल होते. काम त्यांनी स्वतः सोडलं. गावाचे पहिले मोजणीदार तेच.'

हे पत्र मी कुठे टाकणार नाही. आणि एक कबूल करते, ती ओळ शाईनं लिहून झाली आहे, खोडायचा विचार नाही. तरी कागद सोमवारी सरपंचांकडे जातो. हरकत असेल तर रविवारपर्यंत कळव.