ओठांपुरता फोटो

प्रिय बबडे,

तुझा निरोप मिळाला. लग्नाआधी वरच्या हिरड्या थोड्या कापून दे, म्हणजे फोटोत तोंडावर हात धरायला नको, असं लिहिलंयस. गुरुवारी सकाळी दवाखान्यातली खुर्ची तुझ्यासाठी राखून ठेवली आहे. पण त्याआधी हे पत्र वाच, आणि अर्ध्यावर टाकून देऊ नकोस. तुझी ती खोड मला ठाऊक आहे.

माझं डेंटल कॉलेजचं तिसरं वर्ष आठवतं? तेव्हा मला माणसं दिसायचीच नाहीत, नुसते दात दिसायचे. आत्याचे बाहेर आलेले सुळे, काकांच्या दातांची बाजूला सरकलेली मधली रेघ. जेवताना मी सगळ्यांच्या तोंडांकडे टक लावून बसायचे आणि आई वैतागायची. त्याच वर्षी आम्हाला एक काम मिळालं होतं. हसऱ्या चेहऱ्यांचे फोटो काढायचे, ते ओठांपुरते कापायचे आणि लोकांकडून दहापैकी गुण घ्यायचे. एक गट आम्हा विद्यार्थ्यांचा, दुसरा साध्या माणसांचा. मी तुझा फोटो घातला. घरचीच बहीण आयती मिळाल्यावर कोण सोडतंय!

माझ्या वर्गाने तुला तीन गुण दिले. हसताना चार मिलिमीटर हिरडी दिसते म्हणे. मी घरी आले आणि सगळ्यांदेखत तुझ्या ओठाला मोजपट्टी लावून ते दाखवलं. तू पंधरा वर्षांची होतीस. मला वाटलं, काय ज्ञान पाजळलं मी! त्या दिवशी तुझा हात तोंडावर गेला तो गेलाच. अकरा वर्षं तो हात बघते आहे गं.

दुसऱ्या गटाचं मात्र तुला कधी सांगितलंच नाही. ग्रंथालयातल्या बाई, सायकल दुरुस्तीवाला, कँटीनच्या मावशी, कुणालाच हिरडी दिसली नव्हती. कुणी आठ दिले, कुणी नऊ. यांना काय कळतंय, म्हणून मी त्यांचे गुणांचे कागद फाइलमध्ये कोंबून टाकले. आता माझ्या खुर्चीत जी माणसं लाजून तोंड उघडतात, त्यांतल्या निम्म्यांना घरातलंच कुणीतरी काहीतरी बोललेलं असतं. तेव्हा मला तुझी आठवण येते आणि मी हातमोजे चढवते.

ते कागद सोबत पाठवते आहे. सगळं बघूनही कापायचंच ठरवलंस, तर मी नीट कापून देईन, एक शब्द बोलणार नाही. फक्त आमच्या कॉलेजच्या माळीबुवांचा कागद आधी बघ. त्यांनी गुणांची चौकट रिकामीच सोडली आहे आणि खाली लिहिलंय, ‘ही पोरगी कशाला एवढी हसतेय, ते सांगा.’ मी त्यांना सांगितलं नाही. तुलाही कधी आठवण करून दिली नाही. कॅमेऱ्यामागे मी माझा नवाकोरा पांढरा डगला उलटा घालून, मोठ्या डॉक्टरीणबाईंच्या थाटात उभी होते. तू मला हसत होतीस, बबडे. तसं तू मला त्यानंतर एकदाही हसली नाहीस. मला माफ कर.

तुझीच,
उलट्या डगल्यातली ताई