समितीचा फलक कामी आला

महाल, नागपूर

ती. अनंतदादांस रुपरावचा साष्टांग नमस्कार.

पुण्याच्या हवेत तुमचे गुडघे बरे असतील. चिरंजीव गौरांगच्या इमारतीला लिफ्ट आहे म्हटल्यावर नक्कीच. (लिफ्टचा विषय मी काढला नाही, आपोआप निघाला.) तुमची बहीण सुभद्रा खुशाल आहे, फक्त माझ्याशी बोलत नाही. कारण पुढे येईलच.

गेल्या गुरुवारी सकाळी सहाला मी तुमच्या नावावर पाय देऊन उभा होतो. चुकून पाय लागला तर आपण एकदा नमस्कार करतो. मी मुद्दाम दिला होता, म्हणून दोनदा केला.

दत्ताच्या देवळाच्या दोन पायऱ्यांवर उतार बांधायला आपण 'सुगम दर्शन समिती' काढली, त्याला चौदा महिने झाले. साखरेपायी यमुताईंचा पाय कापावा लागला, तेव्हा सगळ्यांना इतका कळवळा आला की अकरा जण पदाधिकारी व्हायला तयार झाले. तुम्ही अध्यक्ष, मी सचिव. बैठका सोळा झाल्या, सगळ्या वाचनालयाच्या पहिल्या मजल्यावर. (जिना अरुंद आहे, पण वर पंखा आहे.) यमुताईंना दर वेळी सन्मानाने बोलावलं, आणि त्या जिना चढू शकल्या नाहीत म्हणून इतिवृत्तात सोळा वेळा 'गैरहजर' लिहिलं. अक्षर माझंच, गावच्या शाळेत घोटवलेलं, पाहण्यासारखं आहे. उतार ग्रॅनाइटचा की साध्या फरशीचा, हे शेवटपर्यंत ठरलं नाही. अकरा नावांचा फलक मात्र एकमताने झाला: आठ फूट उंच, लोखंडी चौकट, जाड प्लाय. सोनेरी अक्षरांचा आग्रह माझा.

चाळीस वर्षं देवाचा हार यमुताईंनी ओवला. आता त्या चाकाच्या खुर्चीत रस्त्यावर बसून तो आत पाठवत. उचलून नेतो म्हटलं तर म्हणत, "मी काय तांदळाचं पोतं हाओ काय गा? जाईन तं माह्या हातानं चाकं फिरवत जाईन." बुधवारी मला थांबवून त्यांनी विचारलं, "काहून गा रुपराव, तुमचा बोर्ड देवळात जाऊन बसला न मी अजून रस्त्यावरच. त्याले पाय हायेत काय?"

सचिवाकडे सोळा बैठकांचं इतिवृत्त होतं. बोल्ट सोडवायचा पानाही होता.

सकाळी मी फलक उतरवला. वरची 'श्री गुरुदेव दत्त' ही पट्टी आधी सोडवून घरी देवघरात नेऊन ठेवली. उरलेला फलक पायऱ्यांवर आडवा टाकला. चौकट खाली यायला हवी, म्हणून नावं वर आली. माझा इलाज नव्हता. मग भार पेलतो का पाहायला मी स्वतः चढलो.

यमुताई अकरा पदाधिकाऱ्यांवरून वर गेल्या. उपाध्यक्षांपाशी चाक अडलं, तेवढा मी मागून हात दिला. देवाच्या पायांवर हार ठेवून त्यांनी मूर्ती खालपासून वरपर्यंत न्याहाळली. मग म्हणाल्या, "देव बारीक झाला गा. लक्ष नाही तुमचं."

आपला,
रुपराव

ता.क. तुम्ही रागाने नवा फलक करायला टाकला, असं सुभद्रा भिंतीकडे पाहून म्हणाली. अवश्य टाका. एकच विनंती, दहा फुटी करा. आठ फुटांत चढ यमुताईंच्या हातांना जड जातो. अक्षरं उठावाची असू द्या, चाक घसरत नाही.

ता.क. २. पत्र दोन दिवस खिशातच राहिलं. नव्या फलकाची वाट पाहणं मला जमलं नाही. आज सकाळी धोंडबा मिस्त्रीकडून हाच जुना फलक सिमेंटात पक्का बसवून घेतला. तुमचं नाव गाभाऱ्यापाशी आहे. माझं रस्त्याकडे, पहिलं चाक माझ्यावरून जातं.